चौदा बोटांचं अंतर

अक्कलकुवा
ता. १४ नोव्हेंबर १९३५ (तारीख जेठमलशेठला विचारून घातली)

तीर्थस्वरूप गिरधरभाऊ यांस,

‘यांस’ लिहिलं, कारण मास्तरांनी तसंच शिकवलं होतं. पुढे मात्र तूच म्हणणार, नाहीतर दोन ओळींतच अडकून बसेन. अक्षर ओळखून पत्र चुलीत घालणार असशील तर आधी एवढं वाच. मी जिवंत आहे, कुठे चोरीमारी केलेली नाही, आणि तुझ्या चालण्याबद्दल मला काही कळलं आहे.

पाकीट वापरलं त्याचं कारण असं. मागे एकदा मी तुला कार्ड लिहायला बसलो होतो. इथल्या टपालाची थैली जेठमलशेठच्या दुकानात उतरते, आणि शेठना दुसऱ्याचं कार्ड मोठ्यानं वाचायची सवय. ‘भाऊ, माझी चूक झाली’ एवढं लिहिलं असेल-नसेल, मागून आवाज आला, “कांई भूल हुई रे भिकन?” सगळा बाजार वळून बघायला लागला. एक बाई तर कोंबडी हातात धरून जवळच आली ऐकायला. मी कार्ड फाडलं. पुढे दीड वर्ष हिंमत झाली नाही.

परवा बाजारात आपल्या गावचा नवलसिंग भेटला, मिरच्यांची पोती घेऊन आला होता. त्याच्या गाडीला नवा बैल आहे, डावं शिंग खाली वळलेलं, पण चालीला असा की… असो. नवलसिंगाला मी विचारलं, “भाऊ कसा आहे?” तो मिरच्या झटकत म्हणाला, “तुन्हा भाऊ? तो आते पंगतमा येत नही.” मग हळूहळू सगळं सांगितलं. तुळशीची सोयरीक अडून राहिली आहे म्हणे. मुलाकडचे नाही म्हणत नाहीत, पण मुलीचा बाप पितो हे त्यांच्या कानावर गेलंय. हिरजीबाबांनी पंचांत तोड काढली आहे की येत्या वैशाखात आखाजीच्या सणाला साखरपुड्याची पंगत बसवायची, त्यात गिरधरनं पूर्वीसारखं स्वतः तूप वाढायचं, आणि त्याचा पाय सरळ पडला तरच नारळ ठेवायचा.

आपल्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, आणि तुझ्या नावाला हे लागलं. त्या श्रावणातल्या पंगतीत तू दोन ओळींमधून तूप घेऊन आलास, तुझा पाय भलतीकडेच पडला आणि तपेली हिरजीबाबांच्या मांडीवर गेली, तेव्हा मी तिथेच होतो. दुसऱ्या सकाळी मी गाव सोडलं. का सोडलं ते नंतर लिहीन. लिहीन हे नक्की.

आता कामाचं. मी सध्या एका डॉक्टरसाहेबांच्या दमणीवर गाडीवान आहे. ते सरकारी दौऱ्यावर असतात, डोंगरातल्या गावांना औषध देतात. मोठ्या लढाईत ते बसऱ्याकडे होते. मागच्या महिन्यात एक लाकूडतोड्या आला, झाडावरून पाठीवर पडलेला. डॉक्टर म्हणाले, चालून दाखव. भाऊ, तो चालला आणि माझ्या हातातला कंदील खाली पडला. तो तुझ्यासारखा चालला! पाय फाकवून, प्रत्येक पाऊल जमिनीवर आपटत, वळताना भिंत धरत. बरोबरचे लोक हसले, म्हणाले मोहाची चढली आहे. डॉक्टरांनी त्याचं तोंड हुंगलं, त्याला बोट नाकाला लावायला सांगितलं. बोट नाकाशी येता येता थरथरून गालावर गेलं. तू पाण्याचा तांब्या ओठाशी नेतोस तेव्हा होतं तसंच.

डॉक्टर म्हणाले, “हा प्यालेला नाही. याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला मार आहे.”

हे वाक्य मी तेव्हापासून रोज स्वतःशी म्हणतो.

तुला मला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. तुझा हक्क आहे. पण एक कर. अंगणात चाळलेली राख पसर, त्यावरून दहा पावलं चाल, आणि डाव्या टाचेच्या खुणेपासून उजव्या टाचेच्या रेषेपर्यंत आडवं अंतर किती पडतं ते केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं मापून तेवढाच दोरा पाकिटात घालून पाठव. डॉक्टरांना दाखवतो. धडधाकट माणसाचं चार बोटं असतं.

वत्सलावहिनीला नमस्कार. ती रागावली असेल तर दोन नमस्कार.

तुझा पळून आलेला,
भिकन


मोलगी
ता. २२ डिसेंबर १९३५

भाऊ,

दोरा मिळाला. पाकिटावर पत्ता मास्तरांच्या हातचा, आत चिठ्ठी नाही, नुसता पिवळसर दोरा. जेठमलशेठनं उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, ताईत आहे का. मी हो म्हटलं.

चौदा बोटं भरला.

तू पाठवलास. रागानं पाठवला असशील, वहिनीनं हट्ट केला म्हणून पाठवला असशील, तरी राखेवर दहा पावलं चाललास ना! मी त्या दोऱ्याला नमस्कार केला, खोटं सांगत नाही.

डॉक्टरांनी दोरा बोटाला गुंडाळला आणि सगळं समजावून सांगितलं. त्यातलं मला उमगलं तेवढं लिहितो. मानेच्या वरच्या खाचेत, कवटीच्या आत, एक लहान मेंदू असतो. मोठा मेंदू वेगळा, तो विचार करतो, भांडतो, सोयरीक ठरवतो. लहान मेंदू बोलत नाही, पण पाय कुठे, हात कुठे, किती जोर लावायचा, हे सगळं त्याच्याकडे. ठेच लागली की पाय आधी पुढे पडतो, ‘अरे, पडलो असतो’ हे मागून कळतं. बघ आठवून, खरंच तसं होतं. डॉक्टर म्हणतात पहिलं सावरणं हे मोठ्या मेंदूला विचारायला जातच नाही, तेवढा वेळ नसतो. गावातल्या गावात पाटलानं मिटवावं तसं खालच्या खाली मिटतं. धक्का फार मोठा असला, किंवा पाटीलच जखमी असला, तरच प्रकरण तळोद्याला मामलेदाराकडे जातं. मामलेदार हुशार, पण त्याचा हुकूम येईपर्यंत गुरांनी शेत खाल्लेलं असतं. (पाटील-मामलेदार हे माझं. डॉक्टर हसले, म्हणाले चालेल.)

तुझा पाटील जखमी आहे, भाऊ. म्हणून प्रत्येक पावलाला तू मामलेदाराकडे जातोस. म्हणून संध्याकाळपर्यंत तुझं डोकं दुखतं. दुखतं ना?

बरं होईल का, हे मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ते चिडले. म्हणाले, “गेला तेवढा भाग गेला. पण शेजारचा भाग काम शिकतो. बसऱ्याला गोळी लागलेले शिपाई मी चालते केलेत. पहिल्यासारखे नाही, पण चालते. रोज शिकवावं लागतं, लहान पोरासारखं, आणि लाज सोडावी लागते.”

लाज सोडणं तुला जड जाईल हे मी त्यांना सांगितलं नाही.

करायचं ते असं. अंगणात शेणाच्या गोवऱ्यांच्या दोन ओळी मांड, पंगतीत पत्रावळी मांडतात तशा. मधली वाट दोन हात ठेव. त्यातून चालायचं, हळू, तोंडानं आकडे मोजत, पायांकडे बघत. हातात काही घ्यायचं नाही. सकाळी वीस फेऱ्या, उन्हं उतरल्यावर वीस. आठ दिवसांनी वाट चार बोटं अरुंद करायची. शेजारचे बघतील. बघू देत. बघणाऱ्यांना सांग गोवऱ्या वाळवतोय.

इथे थंडी फार आहे. काल वाटेत रानडुकराची सहा पिल्लं ओळीनं रस्ता ओलांडून गेली, अंगावर पट्टे, एकही अडखळलं नाही. पूर्वी असलं बघून मी नुसता हसलो असतो. आता सगळ्यांच्या पायांकडेच बघत बसतो.

तुझा,
भिकन


धडगाव
ता. ९ फेब्रुवारी १९३६

भाऊ,

दुसरा दोरा अकरा बोटं. अकरा! डॉक्टरांना दाखवायला मी पळतच निघालो आणि वाटेत स्वतःच आपटलो.

इथे दमणी येत नाही, खोकं डोक्यावर घेऊन चालावं लागतं. वाटेत एक नदी आहे, तिच्यावर सागाचा एकच ओंडका टाकलेला. आमच्याबरोबर गोवाल नावाचा पावरा जमातीचा माणूस असतो वाट दाखवायला, माझ्याच वयाचा असेल. तो त्या ओंडक्यावरून खांद्यावर बकरी घेऊन गेला, आणि मध्यावर उभा राहून कानामागची विडी काढून पेटवली. मी निघालो तर चौथ्या पावलाला बसलो, आणि मग बसूनच सरकत गेलो. गोवाल पलीकडून मोडक्या अहिराणीत ओरडतो, “तू पायकडे देखस म्हनीसन पडस! मी तठे देखस!” आणि पलीकडच्या आंब्याकडे बोट दाखवतो.

मी डॉक्टरांशी वाद घातला की तुम्ही भाऊला पायाकडे बघ म्हणता, आणि हा म्हणतो बघूच नको, खरं कोणाचं? डॉक्टर म्हणाले दोघांचं. आधी डोळ्यांनी पायाला शिकवायचं, पाय शिकला की डोळ्यांनी सोडून द्यायचं. तेव्हा आता तू नजर वर कर. गोवऱ्यांच्या शेवटी वहिनीला उभं कर आणि तिच्याकडे बघत चाल. लाजू नकोस, बायको आहे तुझी.

दुसरंही एक त्यांनी दाखवलं. मी ओंडक्यावरून उतरलो तेव्हा त्यांनी माझी मांडी दाबून पाहिली, म्हणाले, “दगड झाला आहे. घाबरलास की मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकदमच ओढतोस. माणसाचा खांब होतो, आणि खांबाला सावरता येत नाही.” आपल्या मोऱ्या आणि चांद्याला एकाच गाडीला तोंडं उलटी करून जुंपलं तर गाडी कुठे जाईल, तसं.

मोऱ्या-चांद्याचं नाव निघालं. आता लिहिलंच पाहिजे. दोन पत्रं मी त्याच्याभोवती फिरतोय.

वहिनीला हे वाचून दाखव. तुळशीलाही. मी गाव सोडलं त्या वर्षीच्या चैत्रात, मळ्यातल्या विहिरीवर मोट मी हाकत होतो. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसायचं असतं, वजन पडतं, मोट वर येते. आपले आजोबा बसत, तू बसतोस. मी त्या दिवशी बसलो नाही. मी नाड्यावर उभा राहिलो. सारंगखेड्याच्या जत्रेत डोंबाऱ्याची पोरगी दोरावर चालताना पाहिली होती, तेव्हापासून ते डोक्यात होतं. चार खेपा जमलं. पाचव्या खेपेला तू बांधावरून पाहिलंस आणि “उतर!” म्हणत धावत आलास. मला धरायला. मी घाबरून उडी मारली, बैल बुजले, नाडा ढिला पडून एकदम ताणला आणि तुझ्या पायांत आला. तू उलटा, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर गेलास. आवाज अजून कानात आहे.

रक्त नाही आलं. तू उठलास, ओकलास, म्हणालास काही नाही झालं. आपण घरी निघालो. तू गल्लीतून झोकांड्या देत चालला होतास आणि मी दोन पावलं मागे होतो, हात द्यायची छाती होत नव्हती. हिरजीबाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला विचारलं, तुला नाही, मला, “काय रे भिकन, तुन्हा भाऊ पिईसन उना का?”

मी मान खाली घातली.

हो म्हटलं नाही. पण नाही म्हणालो असतो तर काय झालं विचारलं असतं, आणि मग नाड्यावर उभा होतो ते सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी मान खाली घातली. आणि बाबांनी ती मान म्हणजे उत्तर समजली.

तुला ऐकू गेलं होतं. मला माहीत आहे, कारण तू थांबला होतास. वळून बोलला नाहीस. घरी वहिनीनं विचारलं तर म्हणालास, “मन्हा पाय घसरना.” श्रावणात पंगतीत सगळ्यांदेखत अपमान झाला, तेव्हाही तेवढंच म्हणालास. जवळजवळ तीन वर्षं तू माझं नाव घेतलं नाहीस. नवलसिंगाला मी आडून विचारलं, विहिरीवर काय झालं ते गावात कोणाला ठाऊक आहे का. तो म्हणाला, कोणती विहीर?

भाऊ, तू मला ज्या क्षणी धरायला धावलास त्या क्षणी विचार केला नसशील. पाय आपोआप पुढे पडला असेल. पण इतकी वर्षं गप्प राहणं हे आपोआप होत नाही. त्याला मोठाच मेंदू लागतो. त्याचे उपकार कसे मानायचे मला येत नाही, म्हणून नुसतं लिहितो की मला ते ठाऊक आहे.

भिकन


अक्कलकुवा
ता. १८ मार्च १९३६

भाऊ,

तिसरा दोरा बारा बोटं. वाढला.

मी दोनदा मापला. जेठमलशेठच्या बोटांनीही मापला, त्यांची बोटं जाड आहेत म्हणून त्यांच्या हिशेबानं दहा भरला आणि ते मला पेढा द्यायला लागले. पण माझ्या बोटांनी बाराच.

माझं मागचं पत्र वाचून झालं असेल हे. राग आला असेल, नाहीतर वहिनी रडली असेल, घरात बोलणं झालं असेल. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, माझं पापसुद्धा. ते म्हणाले, “मन हललं की पाय हलतात. थोडं मागे जाणं होतंच. फेऱ्या सोडू नको म्हणावं.” आणि मग मला म्हणाले, “तू पत्रं छान लिहितोस, भिकन. पण तुझ्या भावाचं नाव पत्रानं खराब झालं नव्हतं.”

हे मला लागलं. बरं लागलं.

होळीला मी गोवालच्या पाड्यावर होतो. रात्रभर नाच, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे हे एवढे टोप. मी विचार करत होतो की यांचे लहान मेंदू केवढे असतील! गोवालला सांगितलं तर तो रागावला, त्याला वाटलं मी त्याला बिनडोक म्हणतोय. समजूत घालायला सकाळ झाली.

आता शेवटचा धडा, आणि हा वहिनीनं द्यायचा आहे. तू फेऱ्या मारत असताना तिनं मागून येऊन, न सांगता, तुला हलका धक्का द्यायचा. आज पाठीला, उद्या खांद्याला. तुला कळता कामा नये कधी. धक्क्याची वाट बघत राहिलास तर अंग आधीच आवळून धरशील, खांब होशील. वाट न बघता बसला तरच खालचा पाटील कामाला लागतो. सुरुवातीला दोन्हीकडे गवताच्या पेंढ्या टाका. मग हातात पाण्यानं भरलेली तपेली घे. पाणी सांडलं तर सांडू दे, तूप आखाजीलाच.

वहिनी, तू त्याच्यावर किती वेळा रागावली असशील आणि धक्का द्यावासा वाटला असेल. आता डॉक्टरांची परवानगी आहे.

आणि वहिनी, हे थट्टेत नाही. मी गेल्यावर त्याचा तांब्या तू धरलास, त्याची धोतरं तू धुतलीस, आणि लोक काय म्हणतात ते ऐकूनही त्याचं तोंड एकदाही हुंगलं नाहीस. नवलसिंगाच्या बायकोनं हे सांगितलं त्याला. तुझे पाय मी आल्यावर धरीन.

‘आल्यावर’ असं लिहून गेलो. खोडत नाही.

भिकन


अक्कलकुवा
ता. १९ एप्रिल १९३६

भाऊ,

पाकीट आज मिळालं. मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि बराच वेळ फोडलंच नाही.

पत्ता तुझ्या हातचा आहे.

‘भिकन’ मधला ‘भ’ जरा वर उडालाय, ‘कुवा’ खाली घसरलाय, पण ओळ सोडलेली नाही कुठे. लेखणी धरून तू एवढं लिहिलंस! मी शेठना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि पहिल्यांदाच काही मोठ्यानं वाचलं नाही. म्हणाले, “इने संभाळ.”

आत दोरा पाच बोटं. माझं स्वतःचं मी राखेवर मापलं होतं तर सहा भरलं होतं. डोक्याला मार न बसलेला मी, आणि तुझ्यापेक्षा एक बोट वाईट.

बाकी एक शब्द नाही. तू ये असं नाही, येऊ नको असंही नाही. डॉक्टरांकडून सुट्टी मी धडगावला असतानाच घेऊन ठेवली होती. तिथून उतरताना गोवाल ओंडक्यापर्यंत पोचवायला आला होता. मी पलीकडच्या आंब्याकडे बघत उभ्यानं गेलो, विडी पेटवली नाही एवढंच. उद्या निघतो. हे पत्र माझ्याआधी पोचेल की नंतर, टपालवाला जाणे.

भिकन


आपल्याच ओसरीवरून
ता. २८ एप्रिल १९३६

भाऊ,

तू आत्ता गोठ्यात आहेस, खोकण्याचा आवाज येतोय. मी ओसरीवर बसून तुला पत्र लिहितोय. तुळशी मला वेडा म्हणून गेली. पण आपल्या घरात एकमेकांचे तोंडानं उपकार मानायची रीत नाही, आणि मला एवढ्या महिन्यांत कागदावरच बोलायची सवय झाली आहे. शहाद्याला जाऊन पेटीत टाकणार. टपालवाला आणील तेव्हा मी समोर नसलो म्हणजे झालं.

आखाजीच्या दुपारी पंगत बसली तेव्हा मला वाटलं नाड्यावर उभं राहणं सोपं होतं. दोन्हीकडे माणसं, मध्ये ती अरुंद वाट, तू तपेली घेऊन टोकाला उभा. मी उठलो आणि म्हणालो की मी मोटेच्या नाड्यावर उभा होतो, भाऊ मला वाचवायला आला, त्याच्या डोक्याला मार बसला, आणि हिरजीबाबांनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. भाऊनं थेंब घेतला नव्हता. तेव्हाही नाही, पंगतीतही नाही.

मुलाच्या आजोबांनी हिरजीबाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “तीन वरीस तुन्ही जीभ कोठे व्हती?”

“डोंगरमा,” मी म्हणालो. मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, “बोलनं झाये. पंचस्नी सांगेल ती अट शेच. वाढ रे गिरधर.”

तू निघालास. मी मोजत होतो. नजर वर होती तुझी, शेवटी दारात उभ्या वहिनीकडे. तिसरी पत्रावळ, चौथी, सातवी. पळी बुडवायची, वाढायची, पुढे. हात थरथरत होता, पण तूप पत्रावळीतच पडत होतं. अकराव्या पत्रावळीशी हिरजीबाबा होते. त्यांच्या गुडघ्याला मुंग्या आल्या असाव्यात, त्यांनी एकदम पाय लांब केला. मुद्दाम नव्हे, मी बघत होतो, खरंच मुद्दाम नव्हे. तुझी नडगी त्यावर आदळली.

भाऊ, तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं. तुझा डावा पाय लांब जाऊन दोन पत्रावळींच्या मधोमध बसला, जेमतेम वीतभर जागेत. पळीचा हात उलट्या बाजूला गेला. कंबर वाकली. तूप तपेलीच्या काठापर्यंत आलं, थांबलं आणि परत गेलं. हे सगळं झाल्यावर तुझा चेहरा घाबरला. आधी पाय, मग भीती. डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तसं! मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

सगळी पंगत हात आखडून बसली होती. तू तसाच वाकलेला. हिरजीबाबांनी पाय आवळून घेतला, तुझ्याकडे वर पाहिलं, मग आपल्या पत्रावळीकडे.

“थांबना काबर? वाढ,” ते म्हणाले. “अन् जास्त वाढ. मागला टाइमले सगळं धोतरवर गयं व्हतं.”

मग हसले लोक. तूही. तुझं हसू मी अडीच वर्षांनी ऐकलं. नारळ ठेवला गेला, तुळशी लाजून झोक्यावर पळाली, मी मागच्या दारी जाऊन नाक पुसलं.

डॉक्टरांना सविस्तर कळवतो. गोवालला एक चांगलं घोंगडं न्यायचं आहे, आठवण कर. किती दिवस इथे टिकेन ते मला माहीत नाही, पाय माझेच आहेत आणि त्यांचा लहान मेंदू जरा उनाडच आहे. पावसाळाभर तरी आहे. पाचही दोरे… नाही, चारच, चार दोरे मी देव्हाऱ्याच्या खुंटीला बांधलेत. वहिनीनं बघितले, काढले नाहीत.

आणि आजचं. सकाळी तू मला न बोलता मळ्यात नेलंस. मोऱ्या-चांद्या आता म्हातारे झालेत, तरी जुंपलेस. नाडा नवा आहे. थारोळ्याचा दगड तोच आहे; मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, तू त्याच्यावरच पाय देऊन उभा राहिलास. बैल धावेच्या तोंडाशी आले. कासरा तू माझ्या हातात दिलास. माझी मांडी दगड झाली होती, भाऊ, दोन्हीकडचे स्नायू ओढून मी खांब झालो होतो, आणि मला बैलांना हाक देता येईना.

तेव्हा तू मागून मला हलकाच धक्का दिलास. न सांगता. माझा पाय आपोआप पुढे पडला.

“बठ,” तू म्हणालास. “उभा नको ऱ्हाऊ.”

मी बसलो. मोट वर आली.

तुझा धाकटा,
भिकन